शितावरून भाताची परीक्षा? अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे पहिले काही शनिवार

चुनखडी | २१ सप्टेंबर २०२५, सकाळ

काल रात्री दोन वाजता ब्लूमिंग्टनहून इंडियानापोलिसला घरी पोचलो. आवाज बसलाय, झोप झालेली नाही, तरी हा धागा आजच काढायचा होता.

इंडियाना ६३, इलिनॉय १०.

इलिनॉय काल देशात नवव्या क्रमांकावर होतं. आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) फर्नांडो मेंडोझा, त्याने २३ पास टाकले, त्यातले २१ पोचले आणि ५ टचडाऊन (बॉल समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे) झाले. मी २०१० ते २०१२ ब्लूमिंग्टनला, इंडियाना युनिव्हर्सिटीत एमएस करत होतो. २०११ साली आम्ही १२ पैकी १ मॅच जिंकलो, तीही साउथ कॅरोलायना स्टेटशी. तेव्हा विद्यार्थी बाहेरच्या गवतावर दिवसभर टेलगेट (गाड्यांपाशी खाणंपिणं) करायचे आणि आत यायचेच नाहीत. आत आलेले हाफटाइमला निघून जायचे. आम्ही चौघं देशी पोरं रिकाम्या बाकांवर पाय पसरून बसायचो. काल त्याच बाकांवर बसायला जागा नव्हती. चौथ्या क्वार्टरमध्ये स्कोअर कधीच हाताबाहेर गेला होता, तरी माझ्या पुढच्या रांगेतले साठी-सत्तरीचे एक गोरे आजोबा उभेच होते. त्यांच्या नातीने बसायला सांगितलं, तर मान हलवून उभेच राहिले. ज्या टीमच्या नावावर इतिहासातले सगळ्यात जास्त पराभव आहेत, तिच्या माणसाला बसवत नाही अशा रात्री.

आता मुद्दा. ऑगस्टमधल्या एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांची क्रमवारी) टेक्सास पहिलं, पेन स्टेट दुसरं, ओहायो स्टेट तिसरं, क्लेमसन चौथं आणि आम्ही विसावे होतो. चार शनिवार झाले. टेक्सास पहिल्याच दिवशी हरलं. क्लेमसन १-३ आहे (एक जिंकली, तीन हरल्या), काल घरच्या मैदानावर सिरॅक्यूजकडून ३४-२१ मार खाल्ला. माझं मत असं की या वर्षीची सगळ्यात फुगवलेली टीम अजून एकही मॅच हरलेली नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीये. ती म्हणजे पेन स्टेट. नेवाडा ४६-११, एफआययू ३४-०, व्हिलानोव्हा ५२-६. या तीन मॅचमधून काय कळलं? काहीच नाही.

तुम्हाला कोण फुगवलेलं वाटतं आणि कोणी चकित केलं? आकडे आणा, डोळ्यांनी पाहिलेलं आणा. नुसतं 'आमची टीम भारी' नको.

बकाय_बाप्पा | २१ सप्टेंबर, दुपार

अभिनंदन रे! कालची मॅच मीही पाहिली. चांगली टीम आहे तुमची, गेल्या वर्षीपेक्षा चांगली. गेल्या वर्षी आमच्याकडे, ओहायो स्टेटला, कोलंबसला आलात तेव्हा ३८-१५ झालं होतं.

पण टेक्सासला फुगवलेलं म्हणायला माझा विरोध आहे. आमच्या, म्हणजे गतविजेत्यांच्या, घरी येऊन १४-७ हरणं याला पडझड म्हणत नाहीत.

३० ऑगस्टला आमच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम होता, एका शाळेचा हॉल दिवसभरासाठी घेतलेला. मॅच बरोबर दुपारी बारा वाजता. तारीख सहा महिने आधी ठरलेली, त्यामुळे इलाज नव्हता. निम्म्या पुरुषांच्या कुडत्यावर लाल-राखाडी टोप्या. मी प्रसादाच्या टेबलावर होतो, केळीच्या पानावर मोदक मांडत आणि डब्याला टेकवलेल्या फोनकडे बघत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टेक्सास आमच्या गोल लाइनपासून एक यार्डावर आलं. चौथा डाऊन, म्हणजे चार प्रयत्नांतला शेवटचा. त्यांचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग स्वतःच बॉल घेऊन घुसला आणि आमच्या पोरांनी त्याला तिथेच दाबला. हॉलच्या चार कोपऱ्यांतून एकदम ओरडा झाला. स्टेजवर लहान मुलींचं लेझीम चालू होतं, त्यांना वाटलं त्यांच्यासाठीच, आणि त्या आणखी जोरात नाचल्या.

तो एक यार्ड मिळाला असता तर आज धाग्यात उलटी चर्चा असती. एका यार्डावरून टीम फुगवलेली की खरी हे कसं ठरवायचं?

लाँगहॉर्न_लातूर | २१ सप्टेंबर, दुपार

बाप्पा, तुमचा मोठेपणा आहे, पण मी ऑस्टिनला राहतो आणि सगळ्या घरच्या मॅच बघतो. आम्ही फुगवलेलेच आहोत.

१३ सप्टेंबरला युटेपशी मॅच होती. २७-१० जिंकलो, कागदावर ठीक दिसतं. स्टेडियममध्ये काय होतं ते सांगतो. आर्चचे ओळीने दहा पास वाया गेले, आणि आमच्याच लोकांनी त्याला हुर्यो केला. वीस-एकवीस वर्षांचं पोरगं खाली मान घालून बाकाकडे गेलं. मला फार वाईट वाटलं. चूक त्याची नाहीच. पेटन आणि एलाय हे नावाजलेले क्वार्टरबॅक त्याचे काका, आर्ची आजोबा. दोन वर्षं आधीच्या क्वार्टरबॅकच्या, क्विन यूअर्सच्या मागे तो शांतपणे बसला, दुसऱ्या कॉलेजात पळाला नाही. त्याने कधी म्हटलं होतं का मला पहिल्या नंबरवर ठेवा? टेक्सास यंदाच्या आधी कधीच सीझनच्या आधी पहिल्या क्रमांकावर नव्हतं. ते ओझं आडनावामुळे आलं. आमची ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी पुढची फळी) जवळपास सगळी नवी आहे, मागच्या वर्षीचे एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला गेले. ते कोणी मोजलंच नाही.

गार्नेट_गल्ली | २१ सप्टेंबर, संध्याकाळ

चकित कोणी केलं म्हणाल तर आम्ही! फ्लोरिडा स्टेट गेल्या वर्षी २-१०. सीझनच्या आधी दहाव्या क्रमांकावर होतो आणि डब्लिनला जॉर्जिया टेकने पहिल्याच दिवशी हवा काढली. या वर्षी कोणी मोजत नव्हतं, आणि अलाबामाला ३१-१७ ने पाडलं. २००१ नंतर अलाबामा पहिली मॅच प्रथमच हरलं. मी टॅलाहासीला त्या गर्दीत होतो, मैदानावरही उतरलो. अलाबामाचं युग संपलं आहे हे लिहून ठेवा.

गोदाकाठ | २२ सप्टेंबर

मी नाशिकहून लिहिते आहे. मुलगा ब्लॅक्सबर्गला व्हर्जिनिया टेकमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्यामुळे हा खेळ बघायला लागले. आमच्याकडे रात्री साडेनऊला पहिल्या मॅच सुरू होतात, दुसऱ्या एक वाजता. मिस्टर झोपतात, मी बघते.

यंदा पहिल्या तीन मॅच हरलो. ओल्ड डोमिनियनने ४५-२६ ने हरवलं आणि दुसऱ्या दिवशी कोच ब्रेंट प्राय यांना काढून टाकलं. मुलाचा फोन आला तेव्हा घरात कोणी गेल्यासारखा आवाज होता. मला एक समजत नाही. खेळायच्या आधीच नंबर देतात तो कोण देतं? आणि त्याचा पुढे उपयोग काय? आपल्या रणजीत असं नसतं, म्हणून विचारते.

अर्धविराम | २२ सप्टेंबर

काकू, प्रश्न अगदी मुळाचा आहे, नीट उत्तर देतो. मी अटलांटाला असतो, जॉर्जिया टेकचा.

असोसिएटेड प्रेसचा पोल १९३६ पासून आहे. देशभरातले साठएक क्रीडा पत्रकार मत देतात. प्रत्येक जण २५ टीम लिहितो. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं उतरत शेवटच्याला १. सगळ्यांची बेरीज म्हणजे क्रमवारी. मोठ्या गटात सव्वाशेहून जास्त टीम आहेत आणि प्रत्येकीच्या नियमित मॅच फक्त १२. रणजीसारखं गटात सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं शक्यच नाही. म्हणून कोणीतरी मत द्यावं लागतं.

आणि ऑगस्टमध्ये मत कशावर देणार? गेल्या वर्षी काय झालं, कोण परत आलं, कोण मोठ्या घराण्याचं. त्यामुळे ती क्रमवारी म्हणजे गेल्या जानेवारीची आठवण असते. पूर्वी पोरं चार वर्षं एकाच ठिकाणी राहायची, तेव्हा ती आठवण थोडीफार खरी ठरायची. आता ट्रान्सफर पोर्टल आहे, खेळाडू सहज कॉलेज बदलतात. चुनखडीचा मेंडोझा गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात बर्कलेला होता. शिवाय या १ जुलैपासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतात, वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. अर्धी टीम डिसेंबर ते मे मध्ये बदलते आणि पत्रकार मात्र जुन्याच जर्सीकडे बघून नंबर लावतात.

उपयोग म्हणाल तर कागदोपत्री काहीच नाही. जेतेपदाच्या स्पर्धेसाठी शेवटच्या १२ टीम निवडणारी समिती वेगळी, ती नोव्हेंबरमध्ये आपली यादी काढते. पण माणसाच्या मनातून पहिला आकडा जात नाही. वरून सुरुवात केलेली टीम हरली की चार पायऱ्या उतरते, खालून आलेलीला जिंकूनही एकेक पायरी चढावी लागते. नोत्र दाम यंदा ०-२ होतं, तरी २४ व्या क्रमांकावर होतं. दोन्ही पराभव मिळून ४ गुणांचे होते, मायामीशी ३ आणि टेक्सास ए अँड एमशी १, हे खरं. पण जॉर्जिया टेक ०-२ असतं तर कुत्रं विचारलं नसतं.

क्लेमसनला आम्ही १३ सप्टेंबरला हरवलं, एडन बरने ५५ यार्डांची किक मारली शेवटच्या क्षणी. धावत येऊन किक, कारण घड्याळ चालू होतं. क्लेमसन मला तरी ट्रॉयच्या मॅचमध्येच कळलं होतं. १६-० ने मागे पडले होते, घरच्या मैदानावर. नंतर जिंकले म्हणून सगळे विसरले.

गोदाकाठ | २२ सप्टेंबर

आता लख्ख समजलं. मुलाला वाचून दाखवलं, तो म्हणाला अगदी बरोबर आहे. धन्यवाद.

पांढरा_शनिवार | २२ सप्टेंबर, रात्र

चुनखडी, तुझी पोस्ट वाचून दिवसभर राग येत होता म्हणून आता लिहितेय.

मी पेन स्टेटच्या गावात, स्टेट कॉलेजला, चौदा वर्षं आहे. आधी पीएचडी, मग इथेच नोकरी. गेल्या वर्षी आम्ही शेवटच्या चारात होतो. नोत्र दामशी २७-२४ हरलो, एका पासवर. क्वार्टरबॅक ड्रू ॲलर परत आला, सिंगल्टन आणि ॲलन दोघंही रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) परत आले. ओहायो स्टेटला चॅम्पियन करणारे डिफेन्सचे कोच जिम नोल्स आमच्याकडे आले. मतदारांनी दुसरा नंबर दिला तो हवेतून नाही दिला. सोप्या मॅच म्हणतोस, तर तुमच्या पहिल्या तीन कोण? ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट. त्या ७३-० ला काय अर्थ होता?

घोडामैदान जवळच आहे. शनिवारी ऑरेगन येतंय, व्हाइट आउट आहे, सगळं स्टेडियम पांढऱ्या कपड्यांत. तेव्हा बोलू.

चुनखडी | २३ सप्टेंबर

पहिल्या तीनबद्दल तुझं म्हणणं मान्य. आमच्या त्या तीन मॅचनाही मी काडीची किंमत देत नाही. ओल्ड डोमिनियनशी आम्ही २७-१४ जिंकलो तेव्हा मीच म्हणालो होतो, यंदा काही खरं नाही.

पण सोप्या मॅचमध्येसुद्धा एक गोष्ट दिसते, आणि ती स्कोअरबोर्डवर नसते. मी पहिला महिना फक्त लाइनकडे बघतो. बॉल सुटल्यावर पहिल्या दोन सेकंदांत कोण मागे सरकतं? तिसरा डाऊन, सात यार्ड बाकी, समोर कमजोर टीम. तेव्हा क्वार्टरबॅक पुढे बघतो की घाईत बाजूला छोटा पास टाकून मोकळा होतो? एफआययूच्या मॅचमध्ये तुमचं ऑफेन्स पहिल्या हाफला अडखळत होतं. ॲलरचे रिसीव्हर (पास झेलणारे) मोकळे होत नव्हते. समोर एफआययू असताना ते निभावलं. ऑरेगनसमोर नाही निभावणार. हे मी तुला दुखवायला लिहीत नाहीये.

बकाय_बाप्पा | २३ सप्टेंबर

लाइन बघण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. आमच्या वडिलांना मी इथे आल्यावर हा खेळ असाच शिकवला. त्यांना कबड्डीची जाण, सांगलीला खेळलेले. ते बॉलकडे बघतच नाहीत. 'पाय कोणाचे रोवलेत ते बघ' म्हणतात.

पासाडेना_पोहे | २४ सप्टेंबर

यूसीएलएच्या कोणाला इथे जागा आहे का? ०-३. यूटा, यूएनएलव्ही, न्यू मेक्सिको. न्यू मेक्सिकोने रोझ बोलमध्ये ३५-१० ने हरवलं, कोच डिशॉन फॉस्टरना काढलं. आम्ही फुगवलेले नव्हतो, चकितही करणार नाही. नुसतं वाचतोय. तुमची चर्चा वाचून बरं वाटतं.

पांढरा_शनिवार | २८ सप्टेंबर

रात्री एक वाजता चालत घरी आले. कशी आले आठवत नाही.

नवरात्र चालू आहे. शनिवारचा रंग राखाडी होता. सकाळी राखाडी साडी नेसून फोटो काढला, आईला पाठवला, आणि दुपारी आम्ही सगळ्या जणी पांढऱ्यात. लाखाहून जास्त माणसं, सगळं पांढरं. चौथ्या क्वार्टरमध्ये १७-३ मागे होतो. माझ्या मुलीने डोळे मिटून घेतले होते. मग एक टचडाऊन, मग तीस सेकंद राहिले असताना दुसरा. १७-१७. तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही, पायाखालचं काँक्रीट हलत होतं. पहिल्या ओव्हरटाइममध्ये आम्ही पुढे. त्यांना चौथ्या डाऊनवर एक यार्ड हवा होता, तो त्यांना मिळाला. दुसऱ्या ओव्हरटाइमला त्यांचा टचडाऊन, आणि आमच्या पहिल्याच चालीवर ॲलरचा पास ऑरेगनच्या थिएनेमनच्या हातात. ३०-२४. एवढ्या माणसांचा आवाज एका क्षणात बंद झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

पण दोन ओव्हरटाइम घेणारी टीम फुगवलेली नसते. हे मी अजूनही म्हणते.

अर्धविराम | २८ सप्टेंबर

मॅच थरारक होती, तुमच्या मुलीला मिठी. पण तीन क्वार्टरमध्ये ३ गुण, घरच्या मैदानावर, हेही बघा. पहिल्या दहातल्या टीमशी तुमचे कोच जेम्स फ्रँकलिन यांचा हिशेब आता ४-२१ झालाय. हा या वर्षीचा प्रश्न नाही.

गार्नेट_गल्ली, शुक्रवारी व्हर्जिनियाने तुम्हाला ४६-३८ ने हरवलं आणि शनिवारी अलाबामाने अथेन्सला जाऊन जॉर्जियाला २४-२१. युग संपल्याचं लिहून ठेवा म्हणाला होतात.

गार्नेट_गल्ली | २८ सप्टेंबर

लिहिलंय ते पुसत नाही. आठव्या क्रमांकावर होतो तेव्हा मला तो आकडा खराच वाटला. व्हर्जिनियाचे लोक मैदानावर उतरले तेव्हा कळलं की ३० ऑगस्टला अलाबामाच्या पोरांना कसं वाटलं असेल.

चुनखडी | २९ सप्टेंबर

आयोवाला २०-१५. घामाघूम केलं. शेवटच्या दोन मिनिटांत मेंडोझाने सॅरटला ४९ यार्डांचा टचडाऊन दिला, आणि मग मुद्दाम सेफ्टी (समोरच्यांना दोन गुण) देऊन वेळ काढला. बरेच जण म्हणतायत की इंडियानाचा फुगा फुटणार. मला ही मॅच ६३-१० पेक्षा जास्त आवडली. आयोवाच्या मैदानावर थंड डोक्याने जिंकणं ही जुन्या इंडियानाची गोष्टच नाही. आणि ज्यांना वाटत होतं की इलिनॉयच पोकळ होतं, त्यांच्यासाठी: इलिनॉयने यूएससीला ३४-३२ ने हरवलं.

पासाडेना_पोहे | ४ ऑक्टोबर, संध्याकाळ

मी आत्ता रोझ बोलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहितोय. हात थरथरतायत.

यूसीएलए ४२, पेन स्टेट ३७.

०-४ होतो. या सीझनमध्ये आजपर्यंत एक सेकंदही आघाडीवर नव्हतो. टिम स्किपर हंगामी कोच, आणि जेरी न्यूहायझेल यांनी चाली ठरवायला घेऊन चारच दिवस झालेले. पहिला टचडाऊन झाला, लगेच ऑनसाइड किक (बॉल परत आपल्यालाच मिळावा म्हणून छोटी किक), आणि बॉल आमच्याकडे! बाजूच्या रिकाम्या रांगेतून एक कॉलेजची मुलगी पळत आली आणि मला अनोळखी माणसाला हाताला धरून नाचली. हाफटाइमला २७-७. निको इयामालेयावाने स्वतः पळून ३ आणि पासवर २ टचडाऊन केले. शेवटी चौथा डाऊन, त्यांना दोन यार्ड, आमच्या नऊ यार्डांवर, आणि आमच्या पोरांनी ॲलरला अडवला.

पांढरा_शनिवार ताई, तुमच्या दुःखावर मीठ चोळायचं नाहीये. पण महिनाभर इथे नुसतं वाचत होतो, आज लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

गोदाकाठ | ५ ऑक्टोबर

पासाडेना, मी रात्री दोनपर्यंत पाहिलं आणि तुमचीच आठवण आली. घरात एकटीच टाळ्या वाजवत होते.

लाँगहॉर्न_लातूर | ५ ऑक्टोबर

काल गेन्सविलला फ्लोरिडाने आम्हाला २९-२१ ने हरवलं. आज पोलमधून टेक्सास बाहेर, पेन स्टेटही बाहेर. ऑगस्टमधले पहिले दोन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पंचविसातसुद्धा नाहीत.

आणि हा फ्लोरिडा तोच, ज्याला महिन्यापूर्वी टँपाच्या साउथ फ्लोरिडाने त्याच मैदानावर १८-१६ ने हरवलं होतं. त्या साउथ फ्लोरिडाला पुढच्याच आठवड्यात मायामीने ४९-१२. या साखळीवरून कोण कोणापेक्षा वरचढ ते काढायला गेलं तर डोकं फिरेल. प्रत्येक शनिवारी ती पोरं वेगळी असतात. कोणाचा घोटा दुखतो, कोणी आदल्या आठवड्यात रडून आलेला असतो.

बकाय_बाप्पा | ५ ऑक्टोबर

यावरून २००७ आठवलं. मी तेव्हा ॲन आर्बरला मित्राकडे होतो, १ सप्टेंबर. मिशिगन पाचवं, समोर ॲपलेशियन स्टेट, खालच्या विभागातली टीम. असल्या मॅचना मोठी कॉलेजं पैसे देऊन पाहुणे बोलावतात. मिशिगनने चार लाख डॉलर दिले होते. पाहुणे ३४-३२ जिंकले, शेवटची किक अडवून. मी ओहायो स्टेटचा, मला आनंद व्हायला हवा होता. पण बाहेर पडताना एक लाखाची गर्दी अंत्ययात्रेसारखी चालत होती, आणि मित्राचा चेहरा बघून मी गप्प राहिलो. मिशिगनने त्या वर्षी पुढे नऊ मॅच जिंकल्या, पण त्या कोणाच्या लक्षात नाहीत.

उलट उदाहरण गेल्या वर्षीचं. नोत्र दाम पाचव्या नंबरवर असताना नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ हरलं, घरी. सगळ्यांनी फुगवलेलं म्हणून फुली मारली. जानेवारीत ते फायनलला आमच्यासमोर उभे होते.

पांढरा_शनिवार | ६ ऑक्टोबर

तीन दिवस धागा उघडला नाही. आज कोजागिरीचं दूध आटवताना सगळं वाचलं.

चुनखडी, रिसीव्हरबद्दल तू म्हणालास ते खरं होतं. मला ते दिसत होतं. व्हिलानोव्हाच्या मॅचमध्ये माझा नवरा म्हणालाही होता, आणि मी त्याच्यावर चिडले होते. पोरांना एवढ्या उंचावर बसवलं की ऑरेगनशी हरल्यावर त्यांच्यात काही उरलंच नाही. आठवड्याभरात देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खेळायचं होतं आणि डोळ्यांत अजून तीच मॅच. दुसरा नंबर नसता, विसावा असता, तर दोन ओव्हरटाइमच्या पराभवाचं आम्ही कौतुक केलं असतं.

चुनखडी | ६ ऑक्टोबर

हे तू लिहिलंस ते या धाग्यात मला सगळ्यात पटलं. मी सुरुवातीला 'फुगवलेली टीम' म्हणालो, तो शब्द मला आता खटकतोय. फुगवतात मत देणारे. फटका बसतो तो ॲलरला, आर्चला.

शनिवारी आम्ही ऑरेगनला जातोय. ते तिसरे, आम्ही सातवे. पहिल्या पाचातल्या टीमला तिच्या घरी जाऊन इंडियानाने आजवर कधीही हरवलेलं नाही.

अर्धविराम | १२ ऑक्टोबर, सकाळ

कोणी आहे का जागं? चुनखडीला कोणी बघितलंय का?

चुनखडी | १२ ऑक्टोबर, दुपार

आहे. काल रात्री काही लिहिता आलं नाही.

इंडियाना ३०, ऑरेगन २०. युजीनला. ते घरी ओळीने १८ जिंकून बसले होते.

घरी बघत होतो, बाबा आलेत पुण्याहून, ते शेजारी. २०-१३ पुढे असताना चौथ्या क्वार्टरमध्ये मेंडोझाचा पास ऑरेगनने पकडला आणि थेट टचडाऊन. २०-२०. स्टेडियम पेटलं. गेल्या पंधरा वर्षांत या ठिकाणी काय होतं ते मला पाठ आहे. इथून आम्ही हरतो. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, ओट्याशी उभा राहून पाणी प्यायलो. बाबांनी हाक मारली, 'अरे ये, तो शांत आहे.' मेंडोझा खरंच शांत होता. त्याच पोराने पुढच्या खेपेला टीमला ७५ यार्ड नेलं आणि सॅरटला टचडाऊन दिला. आमच्या लाइनने सहा सॅक केले काल, म्हणजे सहा वेळा त्यांच्या क्वार्टरबॅकला पास टाकायच्या आधीच पाडलं. बाप्पांचे वडील म्हणतात तसे पाय आमचे रोवलेले होते.

आजच्या पोलमध्ये तिसरे. इंडियानाच्या इतिहासात इतक्या वर कधीच नव्हतो. आता कोणीतरी धागा काढेल की इंडियाना फुगवलेली आहे. काढू दे, मी त्यात लिहायला येईन.

गार्नेट_गल्ली | १२ ऑक्टोबर

मनापासून अभिनंदन. आम्ही काल पिटकडून ३४-३१, ओळीने तिसरी. अलाबामाने मिझूरीला हरवलं, क्रमवारीतल्या टीमवर त्यांचा हा ओळीने तिसरा विजय. अलाबामाचं युग संपल्याचं माझं वाक्य मागे घेतो.

लाँगहॉर्न_लातूर | १२ ऑक्टोबर

आम्ही ओक्लाहोमाला २३-६. सहाव्या क्रमांकावर होते ते. पोलच्या बाहेर असताना आर्च जास्त मोकळा खेळला. अभिनंदन चुनखडी!

पांढरा_शनिवार | १२ ऑक्टोबर, रात्र

अभिनंदन. खरंच.

आमच्याकडचं कळलं असेल. काल नॉर्थवेस्टर्न २२-२१, ॲलरचा सीझन दुखापतीने संपला, स्टेडियममध्ये फ्रँकलिनना काढा अशा घोषणा. आज दुपारी त्यांना काढलं. १०४ मॅच जिंकून दिल्या त्या माणसाने. सहा आठवड्यांपूर्वी आम्ही दुसरे होतो.

८ नोव्हेंबरला तुमची मॅच आमच्याकडे आहे. तिकीट नसेल तर माझ्याकडे दोन आहेत, नवरा येणार नाही म्हणतोय. घर स्टेडियमपासून चालत वीस मिनिटांवर आहे. दिवाळीच्या चकल्या तोवर ठेवीन. बाबांना घेऊन ये.

चुनखडी | १२ ऑक्टोबर, रात्र

येतो. बाबांना विचारलं, ते स्वेटर शोधतायत.